एसएलके २०० विकताना: चौदा सप्टेंबर ते सहा नोव्हेंबरच्या नोंदी

गाडी: मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर, आर१७१, २०१० ची, एमएच-१२ म्हणजे पुण्याची. १,७९६ सीसीचं एम२७१ इंजिन, सुपरचार्जर, १८४ अश्वशक्ती, पाच गिअरचा ७२२.६ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, घडी होऊन डिकीत जाणारं पत्र्याचं छत. ओडोमीटर ७८,४१०. मूळ मालक एकच, त्याच्या वतीने विकायची. काम पुण्यात नऱ्ह्याच्या गॅरेजमध्ये.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

मालकाने सांगितलेल्या तक्रारी जशाच्या तशा उतरवून घेतल्या: सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून, गाडी तापली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धक्का, एकदा गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकली, छत उघडताना मागे तेलकट डाग.

आज स्पॅनरला हात लावला नाही, आधी कागद. आरसीची मुदत १६ नोव्हेंबर २०२५ ला संपते, म्हणजे पंधरा वर्षं भरतात आणि री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, डोक्यावर आहे. हायपोथिकेशन (आरसीवरचा कर्जाचा बोजा) २०१४ मध्ये उतरलेलं, आरसीवर नोंद स्वच्छ. विमा चालू. पीयूसी संपलेली. एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा-नंबरप्लेट, बसवलेली नाही, ती आजच बुक केली, कारण तिच्याशिवाय आरटीओतलं पुढचं काम अडतं. ई-चलानं तपासली, तीन निघाली, तिन्ही भरली. चाव्या दोन्ही आहेत आणि दोन्हींनी इंजिन सुरू होतं. हे वेगळं लिहायचं कारण, या गाडीची दुसरी चावी साध्या चावीवाल्याकडे होत नाही. मालकीचे कागद दाखवून कंपनीकडून मागवावी लागते, आणि एकच चावी दिसली की घेणारा तेवढे पैसे लगेच वजा करतो.

ठरवलेला क्रम असा. पितृपक्ष २१ तारखेला संपतो, तोवर गाडी बघायला कोणी येणार नाही. हे आठ दिवस तपासणीला पुरतात. घटस्थापनेनंतर दुरुस्त्या, दसऱ्याला गाडी बाजारात.

आणि एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवली: दोष झाकायचा नाही, मोजायचा. अशी गाडी घेणारा माणूस स्वतःचा मेकॅनिक आणि स्कॅनर घेऊनच येतो. त्याने शोधलेला दोष त्याला दुप्पट महाग वाटतो. आपण आधी मापासह हातात दिलेल्या दोषाची किंमत मात्र दुरुस्तीच्या बिलाएवढीच राहते.

१५ सप्टेंबर, सोमवार

गाडी रात्रभर उभी, इंजिन पूर्ण थंड. मोबाइल कॅम कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पुढच्या टोकाशी धरून पहिल्या स्टार्टचा आवाज रेकॉर्ड केला. सुमारे दोन सेकंद कोरडी, धातूवर धातू आपटल्यासारखी खडखड, मग एकदम शांत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं तर आवाज एक्झॉस्ट कॅमच्या (जळका वायू सोडणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बाजूला जास्त. कारण सरळ आहे. कॅम फिरवणारी टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं तेल रात्रभरात खाली उतरतं. कॅमची वेळ पुढेमागे करणारा कॅम अॅडजस्टर इंजिन बंद असताना जागेवर धरून ठेवणारी खीळ झिजली असेल, तर तेलाचा दाब येईपर्यंत अॅडजस्टर मोकळा आपटतो. दाब आला की गप्प होतो. म्हणून हा दोष गरम इंजिनवर कधीच ऐकू येत नाही.

स्कॅनरवर निघालेले कोड: पी००१७ (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, आणि एक्झॉस्ट कॅमचा मेळ नाही), पी०१७१ (मिश्रण पातळ), गिअरबॉक्समध्ये पी०७१५ (इनपुट स्पीड सेन्सर). आयडलिंगला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कंट्रोलर इंधन किती वाढवून देतो तो आकडा) +१६ टक्के. सगळ्या स्क्रीनचे तारखेसह फोटो काढले.

कोड पुसले नाहीत. विकायच्या आधी कोड पुसून दिवा घालवणं ही बाजारातली सर्रास रीत आहे, पण ती दोन मिनिटांत उघडी पडते. कोड पुसले की इंजिन कंट्रोलरमधले रेडिनेस मॉनिटर, म्हणजे त्याने स्वतः केलेल्या चाचण्यांच्या नोंदी, याही कोऱ्या होतात आणि पुन्हा भरायला बरेच किलोमीटर लागतात. समोरच्याने स्कॅनर लावला आणि मॉनिटर "तयार नाही" दिसले, की त्याला कळतं हे काल-परवा पुसलंय. त्यानंतर तुम्ही खरं जरी बोललात तरी ऐकून घेत नाहीत. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसायचे आणि मॉनिटर भरेपर्यंत गाडी चालवायची.

कॉम्प्रेशन, गरम इंजिन, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा: ११.८, ११.६, ११.९, ११.७ बार. एकमेकांतला फरक ०.३. पिस्टन, रिंग आणि व्हॉल्व्ह निरोगी आहेत. हा आकडा पुढे फार उपयोगी पडणार, कारण चेनचा आवाज ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका "व्हॉल्व्ह पिस्टनला लागले का?" हीच असते.

१७ सप्टेंबर, बुधवार

चार कॉइल, ब्रीदरची (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीची) जोडणी आणि कॅम कव्हर काढलं. प्लग बाहेरच ठेवले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून घड्याळाच्या दिशेनेच फिरवलं. उलट फिरवलं की टेन्शनरच्या बाजूला चेन सैल पडते आणि झिजलेल्या दातांवरून एक दात उडी मारते. नुसतं माप घ्यायला गेलेल्यांनी अशी इंजिनं बिघडवलेली आहेत. खूण चुकून पुढे गेली तर मागे आणायचं नाही, पुन्हा दोन पूर्ण फेऱ्या फिरवायच्या.

पुलीवर शून्याची खूण जुळवली. इनटेकच्या दातचक्राची खूण जागेवर. एक्झॉस्टची अर्ध्या दाताएवढी मागे. एक्झॉस्ट अॅडजस्टरचे दात टॉर्चखाली पाहिले तर प्रत्येक दाताची एक बाजू तासल्यासारखी, टोक किंचित आकड्यासारखं वाकलेलं. नखाने दोन्ही बाजू चाचपल्या तर फरक बोटाला कळतो. इनटेकचे दात सममित. दोन्हींचे फोटो एकाच कोनातून, शेजारी पट्टी ठेवून काढले.

म्हणजे करायला हवं ते असं: नवी चेन, नवा टेन्शनर, दोन्ही अॅडजस्टर, कव्हरचं गॅस्केट. या इंजिनात चेन बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. जुनी चेन एका कडीवर तोडून नवी तिच्या शेपटीला जोडायची, क्रँक हळूहळू फिरवत नवी आत ओढायची आणि शेवटची कडी खास अवजाराने रिव्हेट करायची. नुसती चेन टाकून झिजलेला अॅडजस्टर ठेवणं हा पैसे वाचवण्याचा सर्वांत वाईट मार्ग, कारण नव्या चेनच्या कड्या जुन्या आकडेदार दातांवर बसत नाहीत आणि वर्षभरात आवाज परत येतो. चांगल्या आफ्टरमार्केट भागांसह दोन ठिकाणचे अंदाज लेखी घेतले: १,५८,००० आणि १,७२,०००. सरासरी १,६५,००० धरली.

आता खरा प्रश्न: हे काम आपण करायचं की घेणाऱ्यावर सोडायचं? सोडायचं ठरवलं. विक्रेत्याने विकायच्या आधी केलेल्या मोठ्या इंजिनकामावर घेणाऱ्याचा भरवसा बसत नाही. कोणता भाग घातला, रिव्हेट नीट दाबला का, हे त्याला कव्हर उघडल्याशिवाय दिसत नाही. १,६५,००० खर्च करून किंमत जेमतेम लाखभराने वाढते. त्यापेक्षा पूर्ण रक्कम उघडपणे वजा करावी आणि त्याने आपल्या मेकॅनिककडून, आपल्या पसंतीचे भाग घालून घ्यावं. मात्र या अवस्थेत गाडी रोज वापरायची नाही. आजपासून तपासणी आणि टेस्ट ड्राइव्हपुरतीच, ३,५०० आरपीएमच्या आत.

कव्हर नव्या गॅस्केटसह बंद. तेल एमबी २२९.५ मानकाचं, ५.५ लिटर, नवा फिल्टर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कॅम अॅडजस्टरचे दोन मॅग्नेट, सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूला. या इंजिनाचा हा जुनाच रोग आहे. मॅग्नेटच्या आतलं सील झिजतं, तेल कनेक्टरच्या पिनांपर्यंत येतं आणि मग तारेच्या तांब्याच्या बारीक धाग्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, थेट इंजिन कंट्रोलरपर्यंत जातं. हजारांचा मॅग्नेट वेळेवर बदलला नाही तर लाखाचा कंट्रोलर आणि वायरिंग जातं.

एक्झॉस्टचा कनेक्टर ओढला, कोरडा. इनटेकचा ओढला तर आत पिनेच्या बुडाशी मधाच्या रंगाचा एक थेंब थरथरत होता. तार वीतभर सोलून पाहिली, तिथवर तेलकट. कंट्रोलरचा मोठा प्लग आणि ऑक्सिजन सेन्सरचे प्लगही उघडून पाहिले, सगळे कोरडे. वेळेत सापडलं.

दोन्ही मॅग्नेट नवे. दोन्हींवर पिगटेल म्हणतात ती वीतभर जोडवायर. तिच्या मधल्या जोडाशी तांब्याचे धागे सलग राहत नाहीत म्हणून तेल पुढे चढू शकत नाही, आणि उद्या पुन्हा गळलं तरी ती छोटी वायरच बदलायची. कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने दोनदा धुतले. इथे डब्ल्यूडी-४० मारू नये, ते स्वतःच तेल आहे. मॅग्नेट आणि वायरी मिळून ९,८००. नाना पेठेत मिळाले नाहीत, मुंबईहून ऑपेरा हाउसच्या दुकानातून बसने आले.

मिश्रण पातळ करणारी हवेची गळती शोधायला इनटेकमध्ये धूर सोडला. मॅनिफोल्डच्या खालून, ब्रीदरच्या होजच्या कोपरापासून धूर निघाला. होज हातात घेतल्यावर बिस्किटासारखा तुटला. पंधरा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि सुपरचार्जर असल्यामुळे त्याच होजवर कधी निर्वात, कधी दाब अशी ओढाताण असते. होज आणि ओ-रिंगचा संच ४,६००. बदलल्यावर ट्रिम +१६ वरून +४. पी०१७१ गेला.

आजच आरटीओच्या पोर्टलवर री-पासिंगचा अर्ज, फॉर्म २५, भरला. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून तो भरता येतो. फी पाहून मालकाला धक्का बसला. साध्या मोटारीला नूतनीकरणाची फी ५,०००, पण आयात चारचाकीला ४०,०००. चाकणला कंपनीचा कारखाना असला तरी एसएलके तिथे जुळवली गेलेली नाही, ती ब्रेमेनहून तयार होऊन आली आणि आरसीवर आयात म्हणूनच नोंदली आहे. त्याखेरीज पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर दरमहा ५०० जादा. हा खर्च घेणाऱ्यावर ढकलावा असं मालकाच्या मनात होतं. ते चालणार नाही. मुदत संपलेल्या आरसीवर ट्रान्स्फर होत नाही आणि तेवढ्या कारणाने चांगला ग्राहक निघून जातो.

२३ आणि २४ सप्टेंबर, मंगळवार-बुधवार

गिअरबॉक्स. ७२२.६ हा मजबूत गिअरबॉक्स आहे, त्याच्या बहुतेक तक्रारी विजेच्या असतात. गाडी लिफ्टवर. गिअरबॉक्सच्या बाजूचा तेरा पिनांचा प्लग: कडी डावीकडे फिरवून हार्नेस ओढला, आत तेल. इथेही वातीचाच प्रकार, ओ-रिंग सुकतात आणि तेल तारांतून गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे चढतं. कंट्रोलरचा कनेक्टर तपासला, तळाशी पुसट ओल. क्लीनरने धुतला, हवेने सुकवला. प्लग सात मिलिमीटरच्या एका बोल्टवर आहे, नवा बसवला.

नुसता प्लग बदलून थांबता आलं असतं. पण पी०७१५ सेन्सरबद्दल बोलतो, आणि सेन्सर आतल्या कंडक्टर प्लेटवर (विजेच्या जोडण्यांच्या पाटीवर) आहेत. तेलासाठी पॅन उतरवायचंच होतं, मग प्लेटही बदलली. तेल थंड होऊ दिलं, पॅनचे सहा बोल्ट, जुना फिल्टर, मग व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा मार्ग ठरवणारा ठोकळा) सरळ खाली. सहाही सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) क्रमाने काढून कागदावर नंबर घालून ठेवले, नव्या प्लेटवर त्याच जागी बसवले. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी मलम होतं, बारीक आणि मऊ. चमकणारे तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती. बोल्ट ८ न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच. अॅल्युमिनियमच्या आट्या हाताच्या अंदाजाने आवळल्या की जातात.

निघालेलं तेल मोजलं: ४.२ लिटर. तेवढंच नवं, एमबी २३६.१४. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. नळीवरचं कुलूपबंद झाकण तोडून कार्यशाळेची मापपट्टी आत घालावी लागते, इंजिन चालू, गिअर पी मध्ये, तेल ८० अंशाला. थंड तेलावर ८० च्या खुणेपर्यंत भरलं की जास्त होतं. मग ते फेसाळतं आणि धक्का उलट वाढतो. स्कॅनरवर तापमान पाहत पातळी जुळवली, झाकणाला नवी पिन. सगळं मिळून ३१,५००.

जुन्या कात्रज घाटाने वर बोगद्यापर्यंत आणि परत. तापलेल्या गाडीत दुसरा-तिसरा गिअर आता कळतही नाही. इतका फरक बघून समाधान वाटलं, गिअरबॉक्स या गाडीचा जीव आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. छतासाठी उत्तम दिवस.

आधी पाणी. काचेखालच्या खोबणीत गुलमोहराच्या पानांचा कुजलेला चिखल, दोन्ही बाजूंचे निचरे बंद. पाणी तिथे साठलं की विजेच्या डब्यांपर्यंत जातं. बोटाने आणि मऊ नळीने मोकळे केले. तारेने टोचायचं नाही, आतली रबरी नळी सुटते. तांब्याभर पाणी ओतून दोन्हीकडून खाली येताना पाहिलं.

छत उघडायला २२ सेकंद लागायला हवेत, २९ लागली, आणि शेवटी अडखळलं. हायड्रॉलिक तेल किमान खुणेच्या खाली. भरल्यावर २३ सेकंद. पण मागच्या एका सिलिंडरच्या दांड्यावर तेलाची ओल आहे, सील झिरपतं. सिलिंडरचा सील-संच बदलायचा अंदाज ४०,०००. हाही सांगून सोडायचा दोष, कारण छत चालतं. घेणाऱ्याला महिन्यातून एकदा पातळी बघावी लागेल.

इथे एक सूचना, बहुतेकांना माहीत नसते म्हणून. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर अडकवलेला नसेल तर छत हलतच नाही. असल्या तक्रारीवर पंप बदललेल्या गाड्या पाहिल्या आहेत. शिवाय छत इंजिन चालू ठेवूनच हलवायचं, अशक्त बॅटरीवर ते अर्ध्यात थांबतं. गाडी बंद असताना बॅटरीतून होणारी गळती मोजली, ३२ मिलिअँपिअर, ठीक.

टायर: पुढे २२५/४५ आर१७, मागे २४५/४० आर१७. पुढचे २०२३ चे. मागचे २०१८ च्या ३१ व्या आठवड्याचे, नक्षी आहे पण रबर कडक. मागच्या जोडीचे २८,००० वजा धरायचे. पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे रबरी बुश चिरलेले नाहीत. गाडी बसकी असल्याने पुढच्या बंपरची खालची ओठपट्टी स्पीडब्रेकरला घासलेली. ती रंगवली नाही. ताजा रंग दिसला की लोक अपघात शोधायला लागतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडीला झेंडूचा हार आणि फोटो. हार फोटोत ठेवला नाही, पत्रा झाकतो.

किंमत अशी बसवली. री-पासिंग झालेली, दोष नसलेली अशी गाडी १२,५०,००० ला जाईल हा गृहीत आकडा. वजा चेन १,६५,०००, छत ४०,०००, टायर २८,०००. उरले १०,१७,०००. मागायची १०,४०,०००, खाली ९,९०,००० च्या आत उतरायचं नाही. केलेल्या कामांचे ४५,९०० वेगळे जोडले नाहीत, दोष नसलेल्या गाडीच्या आकड्यात ते आलेच.

जाहिरातीचा मजकूर पहिल्या ओळीपासून स्पष्ट ठेवला: "टायमिंग चेन आणि एक्झॉस्ट अॅडजस्टर बदलायचे आहेत, अंदाजपत्रक दाखवू. छताचा एक सिलिंडर झिरपतो. मागचे टायर २०१८ चे. गिअरबॉक्सची कंडक्टर प्लेट, तेल, प्लग नुकतेच बदलले, बिलं आहेत." त्याखाली दातांचा फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे, पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ. "थोडं काम आहे" असं लिहायचं नाही. थोडं म्हणजे किती, हे प्रत्येक जण स्वतःच्या भीतीएवढं धरतो.

झाकण्याला कायद्यातही जागा नाही. जुनी वस्तू बघून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची हे खरं, पण माहीत असलेला दोष मुद्दाम दडवणं हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीत मोडतं आणि असा व्यवहार घेणारा रद्द करू शकतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

संगम पुलाजवळच्या आरटीओत कागदपत्रं आणि री-पासिंगची तपासणी. जाण्याआधी नवी पीयूसी, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, नंबरप्लेट. मूळ मापाचे टायर. काचांवर गडद फिल्म नव्हती, नाहीतर काढावी लागली असती. चासीस नंबर कोरलेली जागा आधी शोधून पुसून ठेवली होती. कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा स्पष्ट आला की तिथली पंधरा मिनिटं वाचतात. एकही अंक पुसट आला तर दुसरा कागद घ्यावा, गिरवू नये.

गाडी पास. मुदत १६ नोव्हेंबर २०३० पर्यंत. घेणाऱ्याला हेही सांगायचं की तेव्हा गाडी वीस वर्षांची असेल आणि ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनुसार वीस वर्षांपुढच्या आयात चारचाकीची नूतनीकरण फी ८०,००० आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

तिघे आले. एकाला दिल्लीत न्यायची होती. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीवर तिथे निर्बंध आहेत हे सांगून निरोप दिला. दुसऱ्याने आठ लाख रोख म्हटलं. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला धरून नाही आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा, रोख घेणाऱ्याला म्हणजे इथे विक्रेत्याला. विषय तिथेच थांबला.

तिसरे कोथरूडचे, मेकॅनिकसह. गाडी मुद्दाम थंड ठेवली होती, बोनेटवर हात ठेवून त्यांनी ते स्वतः पाहिलं. गरम गाडी दाखवणं हीसुद्धा लपवाछपवीच आहे. पहिला स्टार्ट, दोन सेकंद खडखड. मेकॅनिक म्हणाला, "दादा, व्हिडिओत होता तोच आवाज. कव्हर उघडू का?" उघडू दिलं. फोटोशी दात ताडून पाहिले, मग त्याने स्कॅनर लावला. मॉनिटर सगळे तयार, कोड एकच, पी००१७.

टेस्ट ड्राइव्हचे नियम: चालवणाऱ्याचा परवाना आधी पाहायचा, फोटो ठेवायचा. मालक शेजारच्या सीटवर. ३,५०० आरपीएमची मर्यादा निघण्याआधी सांगायची, कारणासह. रस्ता जुन्या घाटाचाच. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अनोळखी हातात द्यायचा नाही, तिथे अनेकदा ट्रकलाही ब्रेक पुरत नाहीत.

त्यांचा भाव ९,७५,०००. आपली यादी समोर ठेवली. त्यांच्या मेकॅनिकने चेनचा आकडा १,७५,००० सांगितला, आपला १,६५,०००. वाद दहा हजारांचा उरला. सगळे दोष आधीच वजा असल्यावर घासाघीस इतकीच राहते.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

१०,०५,००० ला ठरलं. टोकन ५०,००० बँकेतून. पावतीवर लिहिलं: राहिलेली रक्कम २४ तारखेपर्यंत, न दिल्यास टोकनचं काय, तोवर गाडी कोणाच्या ताब्यात. दोषांची यादी स्वतंत्र पानावर, सात मुद्दे, मापांसह. प्रत्येक मुद्द्यापुढे घेणाऱ्याची सही, फक्त तळाशी एक नव्हे. "जशी आहे तशी" हे तीन शब्द या पानाची जागा घेऊ शकत नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

९,५५,००० आरटीजीएसने. बँकेत जमा दिसल्यावरच कागदांवर सह्या, मेसेजच्या स्क्रीनशॉटवर नाही. फॉर्म २९ (विक्रीची सूचना) दोन प्रती, फॉर्म ३० (मालकी बदलाचा अर्ज), आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे पॅन आणि पत्त्याचे पुरावे, चासीसचा ठसा. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटच्या हातात ठेवायची नाही, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव भरूनच.

गाडी देण्याची पावती: तारीख, वेळ ४:१०, ओडोमीटर ७८,६३२. यापुढच्या चलानाची आणि अपघाताची जबाबदारी कोणाची हे त्यात. पण या पावतीवर विसंबून राहायचं नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि ट्रान्स्फर झालेली नसताना अपघात झाला तर भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. इथे दोन्ही त्याच संध्याकाळी, एकत्र बसून, आधारच्या ओटीपीसह.

मोकळी रिव्हेटची कडी, कॅम कव्हरचं जादा गॅस्केट, मापपट्टीचं झाकण आणि दोन्ही चाव्या पिशवीत घालून दिल्या. जुना एक्झॉस्ट मॅग्नेटही दिला, तो अजून चालतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोर्टलवर नाव बदललं. पानाची प्रत मालकाच्या फाइलमध्ये. विमा घेणाऱ्याच्या नावावर झाला. मालकाचा ५० टक्के नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, त्याचं पत्र विमा कंपनीकडून घेतलं, ते तीन वर्षं नव्या गाडीला वापरता येतं. फास्टॅग काचेवरून काढून खातं बंद केलं. ते राहून गेलं असतं तर खेड-शिवापूरच्या नाक्याचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहिले असते.

कोथरूडच्या मेकॅनिकने चेनचं काम सुरू केलंय. त्याचा निरोप: एक्झॉस्ट अॅडजस्टर हातात घेतल्यावर खीळ अर्धी झिजलेली, नवी चेन जुन्या चेनच्या शेजारी टांगली तर आखूड दिसते. टेन्शनर बसवण्याआधी तेलात बुडवून ठेव आणि रिव्हेट झाल्यावर हाताने चार फेऱ्या फिरवूनच स्टार्टर मार, एवढं त्याला कळवलं.